शिल्लक : एक पिशवी

१

दिपमाला पोळ्याच्या दिवशी गेली आणि तिचं तेरावं व्हायच्या आत तिच्या भावानं गुन्हेगार ठरवूनही टाकला होता. नाव नईम. जळगावच्या अंजनी रक्तपेढीतला तंत्रज्ञ. आरोप असा की ओ निगेटिव्ह रक्ताची शेवटची पिशवी त्यानं चोरून विकली आणि वर खोटी नोंद करून हात झटकले.

"मॅडम, मला फक्त पुरावा पाहिजे," दीपक माझ्या धुळ्यातल्या घरी खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाला. दाढी वाढलेली, डोळे लाल. चहा पुढ्यात गार झाला तरी त्यानं कपाला हात लावला नव्हता.

मी सुनंदा. उभी हयात धुळ्यात पोरांना संगणक शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर आजारी वेबसाइटी बऱ्या करते. कुणाची उघडत नाही, कुणाची रडतखडत चालते, कुणाची ऐन गर्दीत मान टाकते. लोक डॉक्टरीणबाई म्हणतात. तोंडानं मी फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, कारण गोड बोलून आजवर एकही साइट सुधारलेली मी पाहिली नाही. दीपक माझा विद्यार्थी. वर्गात सगळ्यात हुशार, आणि सगळ्यात घाईचा.

ह्या रक्तपेढीची साइट त्यानंच बांधलेली, तीही फुकट. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत ते कुणालाही मोबाइलवर दिसावं, एवढाच तिचा उद्देश. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालायची. गावोगावचे लोक ती बघून गाड्या काढायचे.

"नीट सांग. पहिल्यापासून," मी म्हटलं.

दिपमालाचं हे दुसरं बाळंतपण. एरंडोलच्या एका छोट्या दवाखान्यात मुलगी झाली आणि रक्तस्राव थांबेना. रक्तगट ओ निगेटिव्ह, म्हणजे आधीच दुर्मिळ. तिचा नवरा हेमराज, त्यानं साइट उघडली. जळगावला एक पिशवी शिल्लक दिसली. तो रक्ताचा नमुना घेऊन गाडीनं जळगावला धावला. खिडकीवर नईम म्हणाला, पिशवी नाही, केव्हाच दिली. हेमराजनं त्याची कॉलर धरली, आरडाओरडा झाला, आणि तेवढ्यात एरंडोलहून फोन आला की आता घाई करू नका.

"धुळ्याला पिशवी होती, मॅडम," दीपक म्हणाला. "भाऊजींचे काका, अभिमनआबा, इथंच धुळ्यात असतात. ते त्या रक्तपेढीच्या दारात उभे होते. नुसतं 'घेऊन या' म्हणायचं होतं. पण जळगाव जवळ पडतं, तिथं पिशवी दिसतेय, म्हणून त्यांना परत पाठवलं."

"आणि तू कुठं होतास?"

"मीही धुळ्यातच होतो, कामावर. कळल्यावर साइट उघडली तर शून्य. म्हणजे भाऊजींना दिसली तेव्हा एक होती आणि मी बघेपर्यंत शून्य झाली. मधल्या वेळात नईमनं ती विकली आणि मागची वेळ टाकून नोंद केली. तेवढं सिद्ध करून द्या. सोमवारी पोलिसांत तक्रार देतोय."

"साइट तू बांधलीस. मग तूच का नाही बघत?"

त्यानं मान खाली घातली. "ते पान उघडलं की हात थरथरतात, मॅडम."

नोंदी वाचण्यापुरती परवानगी त्यानं मला दिली. तो गेल्यावर मी त्या लगेच उघडल्या. अर्धा तास डोळे फोडले. नोंदीला वेळ माणूस टाकतच नव्हता, सर्व्हर आपली आपण टाकत होता. ती कुणी बदललेली नव्हती. पिशवी खरोखरच हेमराज एरंडोलहून निघायच्या कितीतरी आधी गेली होती.

मग हेमराजला ती दिसली कशी?

२

शनिवारी मी जळगाव गाठलं. अंजनी रक्तपेढी म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा आणि भिंतीवर रक्तदात्यांचे हसरे फोटो. व्यवस्थापक रुपचंद हा गोलमटोल माणूस. मी साइटचं नाव काढताच तो घाम पुसायला लागला.

"अक्का, आमच्या बाजूनं विषय संपलाय. नईमला घरी बसवलाय. आता साइटबिइट कशाला उकरता?"

"उकरायची वेळ तुम्ही आणलीत. चौकशी न करता पोराला घरी बसवलंत."

"लोक दारावर आले होते! दगड मारले असते. कुणाला तरी बाजूला करावंच लागतं."

म्हणजे खरं-खोटं राहिलं बाजूला, ह्याला काच फुटायची भीती. मी त्याला विचारलं, त्या दिवशी तुम्ही साइट पाहिली होती का? पाहिली होती, म्हणाला. दुपारी जेवण करताना सवयीनं मोबाइलवर उघडली, तेव्हा ओ निगेटिव्ह शून्य होतं. मग एवढं ठाऊक असून नईमच्या बाजूनं बोलला का नाहीत, ह्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

खिडकीवर मिसबाह बसते. बारीक अंगाची, चष्मेवाली मुलगी. तिनं मात्र सरळ उत्तर दिलं.

"मॅडम, सकाळी जामनेरची एक बाई आणली होती. तिलाही बाळंतपणातच त्रास. नईमभाईंनी रक्त जुळवून पाहिलं, पिशवी माझ्या समोर दिली आणि नोंदही माझ्या समोरच केली. माझ्या पडद्यावर लगेच शून्य आलं. मी डोळ्यांनी पाहिलं."

"आणि हेमराज आले तेव्हा?"

"तेव्हाही शून्यच. त्यांनी मोबाइल काचेला लावला आणि ओरडले, 'हे काय आहे मग?' गर्दीत मला नीट दिसलं नाही. पण मॅडम, तो माणूस खोटं बोलत असेल असं वाटलं नाही. तो रडत होता."

"मग फोन का नाही केला त्यांनी आधी? निघायच्या अगोदर नुसतं विचारायचं."

मिसबाहनं साइटच्या माथ्यावरची ओळ दाखवली. लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'कृपया फोन करू नये. येथे दिसेल तीच खरी शिल्लक.'

"फोन दिवसभर वाजायचा, कामं अडायची," ती हळूच म्हणाली. "म्हणून रुपचंदसरांनी दीपकसरांना ती ओळ टाकायला लावली."

रुपचंदला घाम कशानं फुटला ते मला कळलं. पण त्यानं नुसती ओळ टाकायला सांगितली होती, आकडा काही त्यानं फिरवला नव्हता. आणि मिसबाह खरं बोलत असेल, तर खोटं बोलणारा एकच माणूस उरत होता. ज्याची बायको मेली तो.

३

त्याआधी नईमला भेटायचं होतं. त्याचे वडील इसाकभाई शिलाई मशीन दुरुस्त करतात. रक्तपेढीपासून चालत जाण्यासारखी गल्ली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि त्यावर कुणीतरी कोळशानं 'रक्त विकणारे' असं लिहिलेलं. पुसायचा प्रयत्न केलेला, पण अक्षरं वाचता येत होती.

"मॅडम, बसा," इसाकभाईंनी स्टूल पुढे केलं. "मशिनी सगळ्या लोक परत घेऊन गेले. आज मीच माझं मशीन उघडून पुसतोय. हातांना काम पाहिजे ना काहीतरी."

नईम आतून आला. वय तिशीच्या आतलं, पण चालणं म्हाताऱ्यासारखं झालेलं. त्याची आई हसीनाबी दाराआड उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही.

"कॉलर धरली तेव्हा तू काहीच का बोलला नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलणार, मॅडम? त्यांची बायको मरत होती. म्हटलं, धरू दे कॉलर. मी त्यांना धुळ्याला फोन लावून देत होतो. नंबर फिरवलाही होता. तेवढ्यात त्यांनाच फोन आला."

असल्या पोराला चोर म्हणतात, देवा. मग मी कामाचं विचारलं.

"त्या दिवशी रक्तपेढीत वेगळं काही घडलं होतं? आठव. फालतू वाटलं तरी सांग."

"काहीच नाही. उलट शुकशुकाट होता. पोळा ना. रोज सकाळपासून चार-दोन रक्तदाते तरी येतातच. त्या दिवशी कुत्रं फिरकलं नाही. सगळे बैल धुण्यात आणि सजवण्यात. एक पिशवी आली नाही दिवसभरात, नुसत्या गेल्या."

"आणि साइट? ती कशी चालायची?"

"एक नंबर. म्हणजे आधी रडायची. खेड्यातून कुणी उघडली की गोल गोल फिरत बसायची. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, एकदम पळायला लागली. बोट लावलं की उघडली. लोक कौतुक करायचे."

"आखाजीनंतर असं काय झालं?"

"दीपकसरांनी काहीतरी केलं. त्यांची बहीण आखाजीला माहेरी आली होती, तीच त्यांना चिडवायची म्हणे, 'तुझी साइट उघडेस्तोवर पेशंट बरा होऊन घरी जाईल.' सरांनीच हसत हसत सांगितलं होतं." नईम थांबला. "चांगली होती ती. एकदा आली होती रक्तपेढीत. खिडकीवर आम्हाला मांडे देऊन गेली."

बहिणीच्या थट्टेनं साइट पळायला लागली. सर्व्हर तोच, भाडं तेच, मग वेग आला कुठून? माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं, पण हेमराजला भेटल्याशिवाय ते मला पुरं धरता येईना.

४

हेमराजचं गाव एरंडोलपासून थोडं आत. रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा तो अंगणात खाटेवर बसला होता आणि मांडीवर ते बाळ. मुठी आवळून झोपलेलं. त्याला ते नीट धरताही येत नव्हतं. मला बघून तो उठायला लागला, मी खांदा दाबून खाली बसवलं.

"हेमराजभाऊ, मी कडू बोलते, राग मानू नका. रक्तपेढीतले तिघं म्हणतात, तुम्ही निघण्याआधीच तिथं शून्य दिसत होतं. तुम्हाला खरंच एक दिसली होती?"

तो चिडला नाही. त्यानं खिशातून मोबाइल काढला. त्या दिवशी निघताना त्यानं पडद्याचा फोटो काढून अभिमनआबांना पाठवला होता. ओ निगेटिव्ह, शिल्लक : एक. फोटो काढल्याची वेळ खाली दिसत होती. पिशवी जामनेरच्या बाईला जाऊन तोवर बराच वेळ झालेला होता.

"आबांनीही धुळ्याहून स्वतः उघडून पाहिलं. त्यांनाही एकच दिसली. म्हणून ते माघारी गेले. विचारा त्यांना."

मी तिथूनच आबांना फोन लावला. म्हातारा माणूस, फोनवरच हुंदके द्यायला लागला. "मी दारात व्हतो, अक्का. दारात. एक दिसनी म्हनीसन मी मांगे फिरनू."

"आणि तुम्ही नुसत्या साइटच्या भरवशावर निघालात?" मी हेमराजला विचारलं.

"नाही. खात्री करूनच निघालो."

"कुणाकडून?"

तो बाळाकडे बघत म्हणाला, "घरच्याच माणसाकडून. जाऊ द्या ते."

मी खोदून विचारलं, पण त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. बाळ रडायला लागलं, हेमराजची आई येऊन त्याला आत घेऊन गेली आणि हेमराज रिकाम्या हातांकडे बघत बसला. मला भडभडून आलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता, ह्यावर मी माझी मान द्यायला तयार होते.

पण मिसबाहही खोटं बोलत नव्हती. एकाच पानावर, एकाच वेळी, एकाला एक दिसत होतं आणि दुसऱ्याला शून्य.

५

सोमवारी सकाळी जळगावच्या एसटीत बसले आणि वाटेत बोटांवर माणसं मोजली.

शून्य कुणाला दिसलं? मिसबाहला, नईमला, रुपचंदला आणि दीपकला. एक कुणाला दिसली? हेमराजला आणि आबांना. ह्यांच्यात फरक काय? जागेचा म्हणावं तर दीपक आणि आबा दोघंही धुळ्यात, तरी एकाला शून्य आणि एकाला एक. मोबाइलचा म्हणावं तर रुपचंदचा आणि हेमराजचा दोघांचाही साधाच. वेळेचा म्हणावं तर रुपचंदनं जेवताना पाहिलं, हेमराज त्यानंतर निघाला. उशिरा बघणाऱ्याला जुना आकडा आणि आधी बघणाऱ्याला नवा. हे तर उलटंच झालं.

मग एरंडोल नाक्याच्या पुढे बस खड्ड्यात आपटली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिले चौघं घरचे होते. त्यांच्याकडे साइटचा पासवर्ड होता. ते आत शिरून बघायचे. दुसरे दोघं परके, पासवर्ड नसलेले. दारातून बघणारे.

रक्तपेढीत पोचताच मी मिसबाहच्या शेजारी बसले. "आता पुढची पिशवी गेली की मला सांग. आणि सकाळपासून रक्तदाता आला का कुणी?"

"अजून नाही, मॅडम."

थोड्या वेळानं एबी पॉझिटिव्हची एक पिशवी गेली. मिसबाहच्या पडद्यावर दोन उरल्या. माझ्या मोबाइलवर मी पासवर्डशिवाय साइट उघडली. झटकन उघडली. तीन.

मिसबाहनं माझा मोबाइल हातात घेतला, पडदा ओढून पुन्हा पान आणलं. तीन. तिचा चेहरा पांढरा पडला.

मग एक कॉलेजचा मुलगा रक्त द्यायला आला. त्याची पिशवी जमा झाली, नोंद झाली, आणि माझ्या मोबाइलवर त्याच क्षणी सगळे आकडे खरे झाले. एबी पॉझिटिव्ह दोन.

"हे काय आहे, मॅडम?" तिनं विचारलं.

"चहाची टपरी बघितलीस ना? गर्दी वाढली की टपरीवाला प्रत्येकाला नवा चहा टाकत नाही. एकदा करतो, थर्मासात भरतो आणि त्यातला ओतत राहतो. म्हणून पटकन मिळतो. साइटलाही असं करता येतं. कॅशिंग म्हणतात. पान एकदा बनवायचं आणि त्याचीच प्रत सगळ्यांना दाखवायची. घरच्या माणसांना तेवढी ताजी मिळते. परक्यांना थर्मासातली."

"पण थर्मास बदलायचा कधी?"

"तिथंच तर माती खाल्ली. पिशवी आली की प्रत बदलावी, असं सांगून ठेवलंय. पिशवी गेली की बदलावी, हे सांगायचं राहिलं. रोज रक्तदाते येत राहतात, प्रत बदलत राहते, चूक दिसतच नाही. पोळ्याला कुणीच आलं नाही."

आणि ज्यानं हे केलं त्यानं करून झाल्यावर तपासलंही असणार. फक्त पासवर्ड टाकून, आत शिरून तपासलं. त्याला कायम ताजाच आकडा दिसला.

सर्व्हरवरची ही कळ फिरवायची किल्ली रक्तपेढीत कुणाकडेच नव्हती. ती एकाच माणसाकडे होती, आणि तो तक्रार घेऊन जिना चढत होता.

६

दीपकबरोबर हेमराज आला होता, आणि दीपकची आई सुमनबाई. त्या तिघांना रुपचंदला घेऊन पोलीस ठाण्यात जायचं होतं. पोरं रुपचंदच्या खोलीत गेली. सुमनबाई व्हरांड्यात बाकावर बसल्या. मी त्यांना टाळून पुढे निघाले होते, पण त्यांनी माझा पदर धरला.

"सापडनं का काही, बाई?"

मी म्हटलं, "नईमनं काही केलेलं नाही, सुमनबाई. दोष साइटमध्ये आहे."

त्या अडाणी बाईला समजायला क्षणही लागला नाही. "साइट ते मना दीपकनी बनाई शे," त्या म्हणाल्या. मग माझा पदर आणखी घट्ट धरला. "त्याले सांगू नका. मी तुमना पाया पडस. मनी आंडेर गयी, आते आंडोरबी जाई. त्यानी बहीन व्हती ती, तो जीव दी टाकी."

"आणि नईम?"

"त्या पोऱ्याले दुसरी नोकरी भेटी जाई."

लेक गेली, आता मुलगाही जाईल ह्या भीतीनं त्या खरंच वाकायला लागल्या. मी त्यांना धरून बसवलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, ह्यात मला शंका नाही. पण शटरवरची कोळशाची अक्षरं माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. मी त्यांचा हात सोडवला आणि आत गेले.

"दीपक, खाली बस. तुझा मोबाइल काढ. साइट उघड."

"मॅडम, आता कशाला..."

"उघड म्हणते ना! मास्तरीण आहे मी तुझी."

मी मिसबाहकडे बघितलं. तिनं खिडकीवरून सांगितलं की आत्ताच बी पॉझिटिव्हची एक पिशवी दिली. दीपकच्या मोबाइलवर बी पॉझिटिव्ह सहा होतं. मी माझा त्याच्याशेजारी ठेवला. सात.

मी समजावायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. सांगितलं ना, वर्गात सगळ्यात हुशार. त्यानं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मी लॉगिन आहे."

"हो, बाळा."

"नेहमी लॉगिनच असतो मी."

रुपचंद घाईघाईनं उठला. "झालं ते झालं. आपण असं करू, तक्रार देऊ नका, नईमला आठवड्याभरानं गुपचूप कामावर घेतो. कुणाला सांगायची गरज नाही. संस्थेचं नाव..."

"गप्प बसा हो!" मी ओरडले. तो बसला.

दीपकला ते काहीच ऐकू गेलं नव्हतं. तो हेमराजकडे बघत होता. "भाऊजी, तुम्ही मला फोन केला होता. निघायच्या आधी."

हे मला ठाऊक नव्हतं. त्या दोघांखेरीज खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, 'दीपकभाऊ, एक दिसतेय, पक्कं ना? नाहीतर आबा धुळ्यात उभे आहेत.' मी कामात होतो. मी म्हटलं, 'माझी साइट आहे भाऊजी, दिसतेय म्हणजे आहे. निघा.'" त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी बघितलंच नाही. नुसतं बोट लावलं असतं तरी मला शून्य दिसलं असतं."

हेमराज खाली बघत होता.

"तुम्ही कुणालाच का नाही सांगितलं?" दीपकनं विचारलं.

"काय सांगू?" हेमराज म्हणाला. "पिशवी त्यानं विकली असं तुम्हीच म्हणत होतात. तुमचं बोलणं खरं असलं तर तुमचा दोष नव्हता. मलाही तेच खरं वाटावं असं वाटत होतं. दिपमालाचा एकुलता भाऊ तुम्ही. तुमचं नाव मी कसं घेऊ?"

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, दोन्ही एकदम. "आणि नईम?" मी म्हटलं. "आईला मुलगा वाचवायचाय, मेव्हण्याला मेव्हणा, व्यवस्थापकाला संस्था. नईम कुणाचाच कुणी नाही का रे?"

दाराशी सुमनबाई उभ्या होत्या. दीपक उठला, त्यांच्याजवळून बाहेर पडला आणि जिना उतरून सरळ त्या गल्लीकडे चालू लागला. मला भीती वाटली म्हणून मी त्याच्यामागे धावले. हेमराजही आला.

७

भर दुपारी गल्ली भरलेली होती. इसाकभाईंच्या दुकानासमोर दीपक थांबला आणि मोठ्यानं बोलायला लागला. समोरच्या दुकानातली, गॅलरीतली माणसं बाहेर आली.

"नईमनं पिशवी विकली नाही! त्यानं ती जामनेरच्या बाईला दिली, ते बरोबर होतं. साइट चुकीची होती. ती मी बनवली. माझ्या बहिणीसाठी जळगावला पिशवी आहे असं मी सांगितलं. न बघता सांगितलं. माझी बहीण माझ्यामुळे गेली. नईमवर आळ मी घेतला. तो खोटा होता!"

एवढं बोलून तो खाली पायरीवरच बसला. इसाकभाई हातातलं फडकं तसंच धरून उभे राहिले. हसीनाबी पहिल्यांदा दाराबाहेर आली. मला वाटलं ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर कुणी तिला अडवलं नसतं. तिनं तोंडाला ओढणी लावली आणि रडायला लागली.

नईम आतून आला. हेमराज त्याच्यासमोर जाऊन हात जोडून उभा राहिला. नईमनं त्याचे जोडलेले हात खाली केले. मग तो दीपकपुढे उकिडवा बसला.

"सर, साइट नीट केली का?"

दीपकला कळलंच नाही. त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे अजून तशीच चालू आहे?" नईमचा आवाज चढला. "सर, उठा! आत्ता कुणीतरी बघत असेल ती. कुणी पारोळ्याहून, कुणी चाळीसगावहून. आत्ता गाडी काढत असेल!"

मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही सगळे रडण्यात आणि रागावण्यात दंग होतो, आणि तो खोटा आकडा तिकडे तसाच झळकत होता. दीपकनं मोबाइल काढला. त्याचे हात इतके थरथरत होते की पासवर्ड दोनदा चुकला. नईमनं त्याचं मनगट धरून ठेवलं. तिसऱ्यांदा तो आत शिरला, सर्व्हरचं पान उघडलं आणि ती आयती प्रत दाखवायची कळ बंद केली. मग माथ्यावरची लाल ओळ पुसून तिथं रक्तपेढीचा नंबर टाकला. लिहिलं : 'निघण्याआधी फोन करा.'

"आता मॅडमच्या फोनवर बघा," नईम म्हणाला.

मी माझ्या मोबाइलवर साइट उघडली. गोल गोल फिरत राहिली. आम्ही चौघं त्या पायरीवर तिच्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं पान आलं. ओ निगेटिव्ह, शिल्लक : शून्य.

"आता बरोबर आहे," नईम म्हणाला, आणि दीपकचं मनगट त्यानं तरीही सोडलं नाही.